भात्यावरचा हात

बाबा,

तुमची पेटी आता आपोआप वाजते. हवा द्यायला कोणी लागत नाही, पट्ट्यांवर बोटं ठेवायला कोणी लागत नाही, आणि तुम्ही तर मुळीच लागत नाही. हे मी केलं आहे, या उजव्या हाताने, जो आता खांद्याच्या वर जात नाही. तुम्हाला वाईट वाटावं म्हणूनच केलं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही त्यातून काहीतरी चांगला अर्थ काढून बसाल. तुम्हाला ती खोडच होती. कोणी तोंडावर शिवी दिली तरी तुम्ही त्यात दाद शोधायचात आणि घरी येऊन आईला सांगायचात की अमक्याला आज गाणं फार लागलं.

मी अहेरीला असते, एका सरकारी कार्यालयात दिवसभर संगणकापुढे बसते. दोन उन्हाळ्यांपूर्वी खांदा इतका दुखायला लागला की मला माझे केस बांधता येईनात. चंद्रपूरला हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी हात धरून वर केला, मागे नेला, मी ओरडले. मग विचारलं, "लहानपणी काय काम करत होता? दळण दळत होता की काय?" मी म्हटलं, पेटीचा भाता. ते खूश झाले. "अरे वा, म्हणजे कलाकार आहात." मी गोळ्यांची चिठ्ठी घेऊन बाहेर आले, औषधाच्या दुकानासमोरच्या बाकावर बसले आणि तुम्हाला मनातल्या मनात जे काही बोलले ते इथे लिहीत नाही. बाईमाणसाने लिहावं असं नव्हतं ते. पण बोलून झाल्यावर खांदा थोडा हलका वाटला, आणि माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं की तुम्ही मेलात म्हणून आपला हिशेब मिटला असं काही नाही.

तुम्हाला मागचं सगळं माहीत आहे. तरी मी माझ्या बाजूने सांगणार, कारण तुमच्या बाजूने सांगणारे वडशापासून आलापल्लीपर्यंत गावोगाव बसले आहेत. धान कापून घरात आलं की आपल्याकडे नाटकांचा हंगाम लागतो, आणि तुम्ही वडशाच्या एका मंडळीचे पेटीमास्तर. मंडळीकडे पायपेटी होती. पायाने हवा द्यायची, दोन्ही हात वाजवायला मोकळे. एका पावसाळ्यात ती राइस मिलच्या गोदामात ठेवली आणि उंदरांनी तिचा भाता चामड्यासकट खाऊन टाकला. मंडळीचा मालक नवी घेईना. तुमची स्वतःची हाताची पेटी होती, पण तिच्यात एक हात भात्याला द्यावा लागतो, आणि एका हाताने वाजवणं म्हणजे तुम्हाला अर्ध्या जेवणावरून उठल्यासारखं वाटायचं. त्या दिवशी तुम्ही घरी आलात तेव्हा मी अंगणात लाखोळीच्या शेंगा सोलत होते. तुम्ही म्हणालात, "चाल वो, हवा देजो." मी चौथीत होते. मला वाटलं, एका दिवसापुरतं असेल.

वादकांची जागा रंगमंचाच्या पुढ्यात, खाली. तुम्ही रंगमंचाकडे तोंड करून बसायचात, म्हणजे लोकांना तुमची पाठ दिसायची. तुमच्यापुढे पेटी, आणि पेटीच्या पलीकडे, फळ्यांना टेकून मी. तुमच्या पाठीआड आणि पेटीआड मी इतकी नीट झाकली जायचे की वर्षानुवर्षं नाटक पाहणाऱ्या लोकांना मी तिथे असते हे ठाऊक नव्हतं. मला मात्र तुम्ही समोरून दिसायचात. तुमचे मिटलेले डोळे, पानाने लाल झालेले ओठ, आणि पट्ट्यांवर धावणारी बोटं, तीही उलट्या बाजूने. मला तुमची सगळी गाणी उलटी येतात, बाबा. डाव्याला उजवं धरून मी ती पाठ केली. घरी आल्यावर आई माझ्या खांद्याला मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल चोळायची आणि तुमच्याकडे न बघता म्हणायची, "लेकराचा हात हाय, रहाटाचा दांडा नाई." तुम्ही ऐकलं नाही असं दाखवायचात.

तालमी दुपारी व्हायच्या, मिलच्या शेडमध्ये, कोंड्याच्या वासात. एकदा तुम्ही आणि तुमचे शिष्य चहा प्यायला बाहेर गेलात. मी एकटीच होते. मी तुमच्या जागी येऊन बसले, डाव्या हाताने भाता ओढला आणि उजव्या हाताने ते तिसऱ्या अंकातलं गाणं काढायला लागले. उलटं सुलट करायला वेळ लागत होता, पण पहिली ओळ निघाली. बाबा, ती खरंच निघाली. मी मान वर केली तर तुम्ही दारात उभे, हातात बशी, मागे तुमचे चारपाच शिष्य. तुम्ही रागावला असतात तर मी विसरले असते. तुम्ही हसलात. म्हणालात, "भात्याले सूर कायले पाहिजे?" आणि ते सगळे हसले. मी उठून पलीकडे गेले. त्यानंतर मी पट्टीला कधी बोट लावलं नाही, आणि तुम्हीही कधी विचारलं नाही की पोरगी तेव्हा काय वाजवत होती. मी ते वाक्य इतकी वर्षं नीट जपून ठेवलं आहे. लोक आईबापाचे दागिने ठेवतात तसं.

तुम्ही मला काही दिलंच नाही असं मी म्हणणार नाही, नाहीतर तुमचे शिष्य म्हणतील बाई खोटं बोलते. त्या वर्षी मार्कंड्याच्या जत्रेतून तुम्ही माझ्यासाठी हिरव्या काचेच्या बांगड्या आणल्यात. स्वतःच्या हाताने भरल्यात. मला मोठ्या होऊ नयेत म्हणून तुम्ही कासारणीला माझ्या मनगटाचं माप अंगठा आणि बोट वळवून दाखवलं होतं, हे आईने सांगितलं. मी शाळेत सगळ्यांना हात दाखवत फिरले. मग पुढच्या तालमीला भाता हलायला लागला आणि बांगड्या वाजायला लागल्या. तुम्ही वाजवणं थांबवलंत. माझा हात ओढून घेतलात आणि एकेक बांगडी उतरवून स्वतःच्या कोटाच्या खिशात टाकलीत. तालीम संपल्यावर परत द्यायला विसरलात. त्या कुठे गेल्या ते मी अजून तुम्हाला विचारते आहे.

आणि तो ठहराव. सगळा भाग तुम्हाला त्या ठहरावावरून ओळखतो. तिसऱ्या अंकात नाटकातली आई घर सोडून निघते, गाणं म्हणत म्हणत, आणि शेवटच्या सुराच्या आधी पेटी थांबते. पेटी थांबली की तिचं गाणंही थांबतं, सगळं थांबतं. तेवढ्यात बायका पदर डोळ्याला लावतात. मग शेवटचा सूर येतो आणि पुरुषही नाक ओढायला लागतात. तुमच्यानंतर प्रत्येक पेटीवाल्याने तो उचलला. आज या भागात कोणत्याही मंडळीचं नाटक बघा, तिसऱ्या अंकात पेटी तिथेच थांबते. नागपूरहून कोणीतरी ध्वनिमुद्रण करायला आले होते, मी भात्याला बसले त्या पहिल्याच हंगामात. तालमीत तेच गाणं घेतलं. ते गृहस्थ म्हणाले, मास्तर, हा ठहराव सुचला कसा? तुम्ही बोट वर केलंत, आभाळाकडे. मिलचं पत्र्याचं छप्पर होतं तिथे. मग त्यांनी वाकून पेटीपलीकडे पाहिलं आणि विचारलं, ही कोण? तुम्ही म्हणालात, "घरचीच पोट्टी आहे. भाता काय, कोणी बी मारते."

मला तेव्हा राग आला नाही. मला तर तो ठहराव म्हणजे देवाची कृपा वाटायची, कारण नेमका तिथे माझा उजवा हात गळून जायचा आणि तुम्ही थांबलेले असताना मला डावा हात लावायला मिळायचा. मी मनात म्हणायचे, बरं झालं बाबा इथे थांबतात. लग्न होईपर्यंत मी भाता मारला आणि लग्न होईपर्यंत हेच म्हणत राहिले. पुढे तुम्ही गेलात. जाण्याआधी पेटी कोणाला द्यायची हे तुम्ही ठरवून ठेवलं होतं. ती मोठ्या शिष्याच्या घरी गेली. तुमच्या पोटच्या पोरीला ती नको का, असं आईने विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात म्हणे, ती काय करेल तिचं.

तर ऐका, मी काय केलं तिचं. संगणकावर एक प्रकार असतो, फुकट मिळतो. पडद्यावर डबे मांडायचे. कोणी सूर देतो, कोणी आवाज लहानमोठा करतो. डब्यांना भोकं असतात, एका भोकातून दुसऱ्या भोकात पडद्यावरच्याच तारा जोडायच्या, आणि त्यातून वाद्य तयार होतं. मॉड्युलर सिंथ म्हणतात त्याला. खऱ्या डब्यांना बंगल्याएवढा पैसा लागतो, पडद्यावरच्यांना काही लागत नाही, आणि हलवायला खांदा लागत नाही. मी खांद्याला शेक देत बसलेली असताना कोणाचा तरी व्हिडिओ समोर आला म्हणून बघायला लागले. त्यात एक डबा होता, एन्व्हलप नावाचा. त्याला स्वतःचा आवाज नसतो. त्याला एक टोला द्यायचा, की तो ठरलेल्या वेळात चढतो, थोडा टिकतो आणि उतरतो. तो चढला की सूर उघडतो, उतरला की सूर मिटतो. मी तो व्हिडिओ तिथेच थांबवला. हा डबा मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. हा डबा म्हणजे मी. वर्षानुवर्षं पेटीच्या पलीकडे बसून मी हेच केलं होतं, चढवायचं, टिकवायचं, उतरवायचं, आणि सूर दुसऱ्याच्या नावावर.

या डब्यांची एक गंमत आहे. एकाचं उतरणं संपलं की तो स्वतःच एक टोला बाहेर देतो. ती तार दुसऱ्या डब्यात घातली की पहिला संपताच दुसरा सुरू होतो, दुसरा संपताच तिसरा. आणि शेवटच्याची तार फिरवून पहिल्यात आणली की ते वर्तुळ चालतच राहतं. कोणी भाता मारत नाही, कोणी ताल देत नाही. मी ठरवलं, तुमचं तेच गाणं या वर्तुळात बसवायचं, एका सुराला एक डबा. तुमच्याच पेटीच्या आवाजात. आणि ते तुमच्या स्मृतिदिनाला तुमच्या सगळ्या शिष्यांसमोर लावायचं, आणि आपण हात मांडीवर ठेवून पहिल्या रांगेत बसायचं. त्यांनी बघावं की मास्तरही लागत नाही.

पेटीचे सूर घ्यायला मी वडशाला मोठ्या शिष्याकडे गेले. माणूस आता साठीला आला आहे, दारात दोन गाड्या, भिंतीवर तुमचा फोटो, हार घातलेला. त्याने पेटी आणून माझ्यापुढे ठेवली, कापड काढलं आणि अगत्याने म्हणाला, "वाजवा ना ताई, तुमचीच आहे." मी म्हटलं, "खांदा दुखते जी. भाता तुम्ही मारा." तो उठून पलीकडे जाऊन बसला. मी एकेक पट्टी दाबली, प्रत्येक सूर मोबाइलमध्ये घेतला, सावकाश, अजिबात घाई न करता. मधे चहा आला तोही मी आधी पिऊन घेतला. त्याला घाम आला होता. म्हणाला, "लगित मेहनत आहे बाई याच्यात." मी म्हटलं, "हो का?" बाबा, त्या रात्रीसारखी झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती.

वर्तुळ लगेच चाललं असं नाही. पहिल्यांदा सगळ्या तारा जोडून झाल्या आणि काहीच वाजेना. तासभर तारा तपासल्यावर लक्षात आलं की प्रत्येक डबा आधीच्याची वाट बघतो आहे आणि पहिल्याला टोला देणारं कोणी नाही. मग माउसने एक टोला दिला तेव्हा सुरू झालं. एकदा चुकून दोन टोले दिले, तर दोन गाणी एकमेकांच्या मागे धावायला लागली, तुमच्या दोन शिष्यांसारखी. ते सगळं निस्तरलं. सूर बरोबर, लांबी बरोबर, आवाज तुमच्याच पेटीचा. तरी तुम्ही काही येईनात. तुमच्या नावाचं नुसतं पाठांतर चालल्यासारखं वाटायचं. शेवटच्या सुराआधी मी एक रिकामी जागा सोडली होती, ठहरावाची, पण ती दात पडल्यासारखी दिसायची.

मग मी ती जुनी नागपूरवाल्यांची फीत काढली, जी आता सगळ्यांच्या मोबाइलमध्ये फिरते. ती संगणकावर उघडली. पडद्यावर आवाज डोंगरासारखा दिसतो, मोठा आवाज म्हणजे उंच डोंगर. पट्टीवरून बोट उचललं तर सूर एकदम तुटतो, पडद्यावर सरळ कडा दिसतो. तुमच्या सगळ्या सुरांना तसाच कडा होता. फक्त ठहरावाआधीच्या सुराला नव्हता. तो उतरणीसारखा हळूहळू खाली येत होता, अगदी शून्यापर्यंत. म्हणजे बोट पट्टीवरच होतं. हवा संपली होती. मी ते चार वेळा लावून पाहिलं आणि मग खुर्ची मागे सरकवून उभी राहिले. तुम्ही तिथे थांबला नव्हतात, बाबा. मी थांबले होते. माझा हात गळला, हवा गेली, आणि तुमची पेटी मुकाट्याने बंद पडली. आभाळाकडे बोट दाखवलंत ना? वर पत्रा होता. खाली मी होते. आणि या भागातले सगळे पेटीवाले इतकी वर्षं एका चौथीतल्या पोरीचा दमलेला हात वाजवत आहेत, डोळे मिटून, मान हलवून. मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले आणि एकटीच मोठ्याने हसले.

त्यानंतर मी रिकाम्या जागेत आणखी एक डबा बसवला. त्याला सुराची तार जोडलीच नाही. तो चढतो, टिकतो, उतरतो, काही ऐकू येत नाही. पण तो पूर्ण झाल्याशिवाय शेवटचा सूर सुरू होत नाही. आणि त्याच्या आधीचा सूर तुटू दिला नाही, उतरू दिला. पहिला टोला दिला आणि तुम्ही खोलीत आलात. अंगावर काटा आला, आणि त्याचाही मला राग आला.

स्मृतिदिनाचा कार्यक्रम वडशाला त्याच मिलच्या शेडमध्ये, दिवसाउजेडी. सगळे होते. मी संगणक टेबलावर ठेवला, एक टोला दिला आणि पहिल्या रांगेत येऊन बसले, हात मांडीवर. वर्तुळ फिरायला लागलं. मागे कोणी वाजवत बसलं आहे का म्हणून कोणीतरी पुढे येऊन टेबलामागे पाहून गेला. ठहराव आला आणि सगळे श्वास धरून बसले. मग टाळ्या. मी उभी राहिले आणि सांगितलं. फीत दाखवली, ती उतरण दाखवली, कडा कसा असतो ते दाखवलं. म्हटलं, "ज्याला तुम्ही मास्तरांचा ठहराव म्हणता तो माझा हात होता. तुम्ही सगळे माझा हात वाजवता." मी हे वाक्य घरी पाठ केलं होतं. आवाज कापला नाही. बाहेर ट्रकवाला मदतनिसाला हाका मारत होता. मोठा शिष्य उठला. "ताई, आजच्या दिवशी हे बोलाची गोष्ट आहे का? मास्तर देवमाणूस होते." मी म्हटलं, देवमाणसाचा भाता कोण मारत होतं ते विचारा. मला जे हवं होतं ते सगळं त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर होतं, आणि मी ते पोटभर पाहिलं.

तेव्हा ती बाई बोलली. तिसऱ्या अंकातली आई करायची ती, तुमच्याच मंडळीतली. आता नीट दिसत नाही, नातीला धरून आली होती. बसल्या जागेवरूनच म्हणाली, "पोट्टी खरं बोलून राह्यली. मले माहीत होतं. मास्तरले बी माहीत होतं." मी तिच्याकडे वळले. ती सांगत होती, सहज, भाजीचा भाव सांगावा तशी. "पयल्याच सालची गोष्ट. तालमीत पेटी बंद पडली तर मी गाणं सोडून मास्तरकडे पाह्यलं. मले बाजूले घेऊन म्हणे, इथी पोरीचा हात भरून येते, ती हात बदलवते. तू इथी रडून घेत जाय. मी बी थांबून राहतो. तिले घाई होऊ देऊ नोको." मी विचारलं, "मग मले काऊन नाई सांगतलं?" ती म्हणाली, "तुले सांगतलं असतं तर तू लाजून थांबली नसती. असं म्हणत होते बा ते. खरं खोटं मास्तर जाणे."

शिष्यांनी ते लगेच उचललं. बघा, मास्तरांचं काळीज बघा, पोरीसाठी गाणं थांबवलं. कोणी डोळे पुसले. दहा मिनिटांत तुम्ही पुन्हा देवमाणूस झालात, पहिल्यापेक्षा मोठे, आणि मी ज्या दगडाने तुम्हाला मारायला आले होते त्यावर त्यांनी शेंदूर फासला. मी काय करणार होते? पण तुम्ही मला फसवू शकत नाही. तुम्हाला माहीत नसतं, तर मी सोडून दिलं असतं. कलावंत माणूस, डोळे मिटून वाजवतो, समोरचं लेकरू दिसत नाही, असतात अशी माणसं. तुम्हाला दिसत होतं. माझा हात भरून येतो हे तुम्हाला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं आणि तुम्ही मला भात्यावरून उठवलं नाहीत, गाण्यात जागा करून दिलीत. दुसरा एखादा माणूस भात्याला ठेवता आला असता. नाही ठेवलात, कारण मग तो ठहराव गेला असता. आणि नागपूरच्या माणसाने विचारलं तेव्हा एक शब्द बोलायचा होता. एकच. मी समोर होते, हातभर अंतरावर.

कार्यक्रम संपल्यावर मोठा शिष्य माझ्याजवळ आला, हात जोडून. त्यांना तुमच्या नावाची एक खोली करायची आहे, तिथे तुमची पेटी ठेवायची आणि माझं हे वर्तुळ दिवसभर सुरू ठेवायचं. प्रत मिळेल का? मी म्हटलं, मिळेल ना. घरी आले, नवीन प्रत काढली, आणि तो मुका डबा त्यातून काढून टाकला. एक तार सोडली आणि सरळ पुढच्या सुरात घातली, इतकंच. आता त्यांच्या खोलीत तुमचं गाणं अखंड चालतं, एका सुराला दुसरा लागून, कुठेही न थांबता. परवा त्याचा फोन आला होता. म्हणाला, "ताई, सगळं तेच आहे पण थोडं कोरडं वाटून राह्यलं. बाया येऊन बसतात, ऐकतात, निघून जातात. काही राहिलं का?" मी म्हटलं, "नाई, सगळे सूर आहेत." खोटं नाही बोलले. सूर सगळे तुमचेच आहेत. माझं होतं तेवढं मी परत घेतलं.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. तुमच्या फोटोपुढेही ठेवणार नाही, फोटो माझ्याकडे नाहीच. आता एक लिहायचं नव्हतं ते लिहिते. ठहराव असलेली पहिली प्रत मी पुसली नाही. रविवारी अहेरीचा बाजार करून येते, पिशवी तशीच ठेवते, आणि ती लावते. तो उतरता सूर येतो, मग काही ऐकू येत नाही. मी स्वतःला सांगते की मी माझाच हात ऐकते आहे, हक्काने. तसं नसतं, बाबा. मी तेवढा वेळ श्वास धरून तुमच्या शेवटच्या सुराची वाट बघत असते. तो आला की मला बरं वाटतं.